बालभाषित : मुलांच्या मनश्चिकित्सेचीं जुनीं व नवीं साधनें

(१)

प्रस्तुत निबंधाचा विषय वाचून या त्रैमासिकाच्या नित्य वाचकांस किंचित् विस्मय वाटेल. सनदा, निवाडे, शकावल्या व ताम्रपट यांच्या पंक्तीस मुलांच्या मनोव्यथेचे कागद कसे बसवावयाचे, असा प्रश्न मलाहि प्रथम पडला होता. परंतु इतिहासाचें साधन कोणतें व कोणतें नव्हे, हें केवळ कागदाच्या वयावरून ठरत नाहीं. तो कागद कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतो यावरून तें ठरतें. घरांतील मूल अकस्मात् बोलेनासें झालें, रात्रीं दचकूं लागलें, शाळेंतून पळूं लागलें किंवा चोरी करूं लागलें, तर समाजानें त्याच्याकडे कसें पाहिलें, कोणास बोलावलें, आणि दोष कोणाच्या माथीं मारला, हा प्रश्न राज्यें बुडण्याच्या प्रश्नाहून कमी जुना नाहीं. त्याचीं साधनें मात्र वैद्यकाच्या पोथ्या, कायद्यांचीं पुस्तकें व संस्थांचीं दप्तरें यांत विखुरलेलीं आहेत.

हा विषय हातीं घेण्यास निमित्त झालें तें असें. सेवानिवृत्तीनंतर २०१९ सालीं पुण्यांतील एका रद्दीवाल्याकडून मीं जुन्या पोथ्यांचें एक बाड वजनावर विकत घेतलें. त्यांत बालग्रहशांतीचीं कांहीं सुटीं पत्रें होतीं. त्यांच्याच खालीं, सुतळीनें बांधलेले, एका बालमार्गदर्शन केंद्राचे सुमारें साठ वर्षांपूर्वींचे भरलेले छापील नमुने निघाले. मुलाचें नांव, वय, घर, भावंडें, शाळा, तक्रार आणि शिक्षकाचा अभिप्राय असे त्यांत रकाने होते. पोथीचीं पत्रें व हे नमुने यांचा संग्रह कोणीं व कां केला तें कळण्यास मार्ग नाहीं. परंतु दोहोंचा प्रश्न एकच आहे : या मुलास काय झालें आहे? त्या नमुन्यांतील मजकुरापैकीं एकहि ओळ मी येथें देणार नाहीं. तसें करण्याचें कारण शेवटीं सांगेन. प्रथम या दोन प्रकारच्या कागदांमागील परंपरा पाहूं.

(२)

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं कौमारभृत्य हें एक स्वतंत्र अंग आहे. मुलाच्या मनाचा विचार त्यांत कोठें येतो हें शोधूं लागल्यास दोन भिन्न प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह संगोपनाचा. चरकाच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत मुलाचीं खेळणीं कशीं असावींत हें सांगितलें आहे. तीं चित्रविचित्र, आवाज करणारीं व मनोहर असावींत. जड नसावींत, टोंकदार नसावींत, तोंडांत जातील इतकीं लहान नसावींत, आणि भीति उत्पन्न करणारीं नसावींत. लगेच पुढें मुलास भिववूं नये असें बजावलें आहे. तें रडत असो, जेवत नसो वा ऐकत नसो, राक्षस, पिशाच, पूतना इत्यादिकांचीं नांवें घेऊन त्यास धाक घालूं नये, असा तेथील आशय आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानांतहि मुलास दरडावूं नये, एकाएकीं जागें करूं नये, आणि त्याच्या मनाच्या कलानें घ्यावें असा उपदेश आहे. बागुलबोवाचें नांव घेतल्यावांचून ज्या घरांत घांस भरविला जात नाहीं, त्या घरास हा उपदेश आजहि नवा वाटेल.

दुसरा प्रवाह ग्रहांचा. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत स्कंद, स्कंदापस्मार, शकुनि, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका व नैगमेष असे नऊ बालग्रह गणले आहेत. मूल दचकतें, दांत खातें, स्तन टाकतें, टक लावून पाहतें, या लक्षणांची बारीक नोंद तेथें आहे. आधुनिक वैद्य त्यांतील कांहीं लक्षणें आंकडीचीं, कांहीं ज्वराचीं व कांहीं भयाचीं ठरवील. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हे ग्रह कोणत्या घरीं शिरतात, याचेंहि उत्तर सुश्रुतानें दिलें आहे. ज्या कुळांत देव, पितर व अतिथि यांचा सत्कार होत नाहीं, शौचाचार सुटला आहे, फुटक्या कांस्यपात्रांत जेवण चालतें, तेथें. म्हणजे मुलाच्या विकाराचें मूळ मुलांत न शोधतां घरांत शोधण्याची दृष्टि येथें आहे. परंतु ती दृष्टि आरोपाची आहे. काश्यपसंहितेंतील रेवतीकल्पांत जातहारिणीचें जें वर्णन येतें, त्यांत तर हा आरोप बहुतांशीं आईवरच येऊन पडतो. घराकडे पाहणें व घरास दोषी ठरविणें या दोन गोष्टींतला भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढील सर्व इतिहास त्या भेदाभोंवतीं फिरतो.

काश्यपसंहितेचा उल्लेख आलाच आहे, तर हस्तलिखितांच्या संग्राहकांस त्या ग्रंथाविषयीं दोन शब्द सांगणें उचित होईल. वृद्धजीवकीय तंत्र या नांवानेंहि ओळखला जाणारा हा कौमारभृत्याचा मुख्य ग्रंथ. नेपाळांतील त्रुटित ताडपत्र प्रतीवरून राजगुरु हेमराज शर्मा यांनीं तो विस्तृत संस्कृत उपोद्घातासह सिद्ध केला व १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयानें तो छापला. अनेक अध्याय अर्धेच हातीं आले आहेत. सुदैवानें वेदनाध्यायाचा भाग उरला आहे. ज्यास बोलतां येत नाहीं अशा मुलास कोठें दुखतें आहे, हें त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून व स्पर्शावरून वैद्यानें कसें ओळखावें, हा त्या अध्यायाचा विषय. मुलाचें वर्तन हीच त्याची वाणी, असें मानणारा हा अध्याय होय.

त्याच ग्रंथांत ग्रंथकर्त्याची एक कथा आहे. ऋचीकाचा पुत्र जीवक हा पांच वर्षांचा असतां त्यानें हें शास्त्र संक्षेपानें सांगितलें; परंतु तें बालभाषित म्हणून मुनींनीं स्वीकारलें नाहीं. तेव्हां कनखल येथें गंगेच्या डोहांत त्यानें बुडी मारली व क्षणांत वळ्या पडलेल्या व केस पिकलेल्या रूपानें तो वर आला. मग मुनींनीं त्याचें ऐकलें व त्यास वृद्धजीवक हें नांव दिलें. मुलाचें बोलणें खरें ठरण्यास त्यास म्हातारें व्हावें लागलें, असा या कथेचा भावार्थ मला वाटतो.

(३)

आतां नव्या साधनांकडे वळूं. इंग्रजी अमलांत मुलांविषयींचा पहिला कागद वैद्याचा नसून न्यायाधीशाचा आहे. १८५० सालच्या एकोणिसाव्या कायद्यानें अनाथ व दरिद्री मुलांस धंदा शिकण्यासाठीं उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय केली. मुंबईंत १८५७ सालापासून डेव्हिड ससून यांच्या नांवाची औद्योगिक व सुधारक शाळा चालूं झाली. १८७६ व १८९७ सालीं सुधारशाळांचे कायदे झाले. वेड्यांविषयींचे कायदे १८५८ व १९१२ सालचे; त्यांचा सारा भर बंदोबस्तावर होता, आणि बालमनाचा वेगळा विचार त्यांत आढळत नाहीं. म्हणजे व्यथित मुलास दोनच दारें उघडीं होतीं : अपराध केल्यास सुधारशाळेचें, आणि अगदींच भान सुटल्यास वेड्यांच्या इस्पितळाचें. जें मूल केवळ दुःखी होतें, त्यास दार नव्हतें.

१९१९-२० सालच्या तुरुंग समितीनें मुलांस प्रौढ बंद्यांपासून वेगळें ठेवावें असा आग्रह धरला. त्यानंतर मद्रासेंत १९२० सालीं, बंगाल्यांत १९२२ सालीं व मुंबई इलाख्यांत १९२४ सालीं मुलांचे कायदे झाले. मुंबईच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठीं १९२७ सालीं बालकसहाय्यक संस्था निघाली. डोंगरीच्या ज्या तुरुंगांत १८८२ सालीं टिळक व आगरकर यांनीं १०१ दिवस काढले, त्या तुरुंगाच्या जागेंतच पुढें मुलांचें निरीक्षणगृह आलें. वास्तु तीच राहून तींत राहणाऱ्याचें नांव बंदी याऐवजीं बालक असें झालें. नांव बदलल्यानें सर्व कांहीं बदलतें असें नाहीं. परंतु दप्तरांत नांव बदललें म्हणजे विचारावयाचे प्रश्न बदलूं लागतात, हें आपणां कागद वाचणारांस सांगावयास नको.

(४)

हे नवे प्रश्न प्रथम पद्धतशीर विचारले गेले ते अमेरिकेंत. शिकागो शहरीं १८९९ सालीं मुलांचें स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें. एकच मूल पुन्हां पुन्हां कां येतें, याचा शोध घेण्यासाठीं १९०९ सालीं विल्यम हीली या वैद्याच्या हातीं एक संस्था सोंपविण्यांत आली. अपराध्यांच्या जाती ठरवून त्यांत मूल बसविण्याऐवजीं एकेका मुलाचा समग्र वृत्तांत मिळवावा, असा त्याचा क्रम होता. त्याचा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. १९२२ सालापासून कॉमनवेल्थ फंड या निधीच्या साह्यानें तेथें अनेक शहरीं अशीं केंद्रें निघालीं व बालमार्गदर्शन हा शब्द रूढ झाला. लंडनमध्यें १९२७ व १९२९ सालीं हें काम सुरू झालें.

या केंद्रांची रीत अशी. मनोविकारांचा वैद्य मुलास तपासी. मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धि व शक्ति अजमावी. समाजकार्यकर्ती घरीं व शाळेंत जाऊन माहिती आणी. मग तिघें एकत्र बसून एक वृत्तांत तयार करीत. ही रीत वाचतांना मला आपल्या महजराची आठवण झाली. महजरांत गोत जमतें, ज्याचा त्याचा जबाब होतो, व शेवटीं निर्णय लिहिला जातो. येथेंहि आई, बाप, शिक्षक व शेजारी यांचे जबाब आहेत. भेद इतकाच, कीं ज्याच्यासंबंधानें हा महजर होतो त्याचा स्वतःचा जबाब बहुधा शब्दांत नसतो. तो खेळांत, चित्रांत, मौनांत व अंगविक्षेपांत असतो, आणि तेथें वेदनाध्यायाच्या कर्त्यासारखाच वाचक लागतो.

मुंबईस नागपाडा येथें क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारानें १९३६ सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें. त्याचेंच १९४४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्था असें नामांतर झालें. या विद्यालयानें १९३७ सालीं बालमार्गदर्शन केंद्र उघडलें. हिंदुस्थानांतील या प्रकारचें तें पहिलें केंद्र मानलें जातें. १९३७ सालीं मुंबईंत हें केंद्र उघडतें आणि १९३८ सालीं त्याच मुंबईंत काश्यपसंहिता छापून बाहेर पडते. एका शहरांत, एका वर्षाच्या अंतरानें, बोलतां न येणाऱ्या मुलाची वेदना वाचण्याचीं दोन शास्त्रें प्रकट झालीं. त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध होता असें मी म्हणत नाहीं. कालाचा योग म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. परंतु दोहोंची दखल एका टिपणांत घेणें हें इतिहासकाराचें काम आहे.

नव्या शास्त्राचा दोषहि सांगितला पाहिजे. घराचा वृत्तांत घेतां घेतां विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्य केंद्रांतील अनेक तज्ज्ञ मुलाच्या प्रत्येक विकाराचें खापर आईवर फोडूं लागले. ती फार लाड करते, किंवा ती फार कठोर आहे. कसेंहि असलें तरी अपराधी तीच. जातहारिणीचें प्रकरण वाचलेल्या मनुष्यास या नव्या भाषेंत जुनाच सूर ऐकूं येतो. तो सूर पुढें ओसरला, याचें श्रेय ज्यांनीं कुटुंबास आरोपी न करतां सहकारी केलें त्यांस आहे.

(५)

या कामीं आपल्या देशानें स्वतःची भर घातली आहे. १९४६ सालच्या भोर समितीच्या वेळीं सबंध हिंदुस्थानांत मनोरुग्णांसाठीं सुमारें १०,००० खाटा होत्या. तज्ज्ञ तर मोजकेच होते. या दारिद्र्यांतूनच एक युक्ति निघाली. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत आवारांत तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांस त्यांच्याजवळ राहण्यास बोलावलें. १९५७ सालीं वेल्लोर येथें निघालेल्या मानसिक आरोग्यकेंद्रानेंहि कुटुंबास सोबत ठेवण्याची रीत पाडली. बुद्धिमंदत्व किंवा मनोविकार असलेल्या मुलाची आई तेथें केवळ जबाब देण्यास न येतां शुश्रूषा शिकण्यास येई. यापुढची पायरी म्हणजे इस्पितळ सोडून गांवांत जाणें. १९७५ सालापासून बेंगळूरजवळील सकलवारा व चंडीगडनजीकचें रायपूर राणी येथें खेड्यांतील प्राथमिक केंद्रांतून हें काम करून पाहण्यांत आलें. त्या अनुभवावर १९८२ सालचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ सालचा जिल्हावार कार्यक्रम उभा राहिला. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेनें तज्ज्ञांच्या अभावीं गांवांतीलच माणसें शिकवून तयार करण्याचा मार्ग चोखाळला.

कायद्याची भाषाहि बदलली. १९८७ सालच्या कायद्यांत १६ वर्षांखालील व्यक्तींकरितां स्वतंत्र रुग्णालयांची तरतूद प्रथम दिसते. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मुलांसाठींच्या सेवा, कुटुंबास आधार व घराजवळची शुश्रूषा यांची गणना हक्कांत केली. अज्ञान मुलास रुग्णालयांत ठेवणें झाल्यास त्याची राहण्याची जागा प्रौढांहून वेगळी असावी, सर्व काळ त्याच्या घरचें किंवा विश्वासाचें मनुष्य जवळ असावें, आणि मुक्काम ३० दिवसांपलीकडे गेल्यास मंडळास कळवावें, असें त्यांत आहे. १८५८ सालच्या कायद्याशेजारीं ठेवून हा कायदा वाचल्यास १५९ वर्षांत काय घडलें हें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

तथापि कागद व व्यवहार यांतलें अंतर आपण जाणतोंच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत १३ ते १७ या वयाच्या मुलांपैकीं सुमारें ७.३ टक्के मुलांस कांहीं ना कांहीं मनोविकार आढळला. ५० मुलांच्या वर्गाचा हिशेब धरल्यास तीन-चार मुलें होतात. मी ३४ वर्षें वर्गावर गेलों. त्या तीन-चार मुलांस मीं काय म्हटलें असेल, याचा विचार हा आंकडा वाचल्यापासून माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

(६)

आतां रद्दींतील त्या नमुन्यांकडे. शिक्षकाचा अभिप्राय हा रकाना मीं प्रथम वाचला, आणि पुढें वाचवेना. त्यांतील शब्द माझे नव्हते, परंतु प्रगतिपुस्तकांवर तेच शब्द मीं स्वतः अनेकदां लिहिले आहेत. त्या रकान्यांतील मुलें हयात असल्यास आज सत्तरीच्या आसपास असतील. त्यांपैकीं कोणी आजोबा असेल, कोणी या त्रैमासिकाचा वर्गणीदारहि असेल. ज्याच्या बालपणीचा दोषारोप माझ्या कपाटांत आहे, त्यास त्याची वार्ताहि नाहीं. मूळ केंद्र आतां उरलेलें नाहीं, त्यामुळें कागद परत करण्यासहि जागा नाहीं.

येथें दोन कर्तव्यांचा विरोध उत्पन्न होतो. एकीकडे संशोधकाचा धर्म असा, कीं अस्सल कागद नष्ट होऊं देऊं नये. काश्यपसंहितेचें ताडपत्र कोणी क्षुद्र मानून टाकलें असतें, तर वेदनाध्याय आपणांस मिळाला नसता. दुसरीकडे, २०१५ सालच्या बालन्याय कायद्याचें ७४ वें कलम मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतें, व २४ वें कलम अपराधी ठरलेल्या बालकाचे दोषसिद्धीचे कागद, क्रूर अपराधांचा अपवाद सोडल्यास, ठराविक काळानें नष्ट करावयास सांगतें. मानसिक आरोग्यसेवा कायदा गुप्ततेचा हक्क देतो, आणि त्याबरोबरच रुग्णास स्वतःचे कागद पाहण्याचा हक्कहि देतो. माझ्या हातच्या कागदांस यांतील कोणतें कलम कितपत लागू पडतें, हें कायदेपंडित सांगतील. परंतु कागद सांभाळणें व मुलाचें नांव विसरूं देणें, हे दोन्ही धर्म या कायद्यांत एकत्र नांदतात, आणि आपल्या संग्रहांतहि ते नांदले पाहिजेत.

यास्तव संशोधक व संग्राहक यांच्या विचारासाठीं चार सूचना करतों. पहिली, अशा कागदांची खरेदीविक्री कुतूहलाची वस्तु म्हणून करूं नये. रद्दींत आढळल्यास ते सोडवून घ्यावे व मूळ संस्था असल्यास तिच्या स्वाधीन करावे. दुसरी, संस्थेच्या नियमावल्या, वार्षिक अहवाल, कोरे नमुने व नोंदवह्यांचे मथळे यांचा संग्रह व प्रकाशन मुक्तपणें करावें, कारण कोणते प्रश्न विचारले जात होते हें तेवढ्यानें कळतें. तिसरी, नांवाचीं पत्रें मोहोरबंद रुमालांत ठेवून सूचींत केवळ वर्ष, प्रकार व पृष्ठसंख्या लिहावी. चौथी, तो कागद ज्याचा, तो मनुष्य स्वतः मागावयास आल्यास, ओळख पटवून, त्याचा त्यास दाखवावा, इतरांस नाहीं.

या अटींवर तें बाड मंडळाच्या स्वाधीन करण्याची माझी इच्छा आहे. अटी मान्य नसल्यास ते नमुने मी स्वहस्तें अग्नीस देईन, व त्याबद्दल संशोधकांचा रोष सोसेन. बालग्रहशांतीचीं पत्रें मात्र विनाअट मंडळाचीं आहेत.

जीवकास आपलें बोलणें पटविण्यासाठीं डोहांत बुडी मारून म्हातारें व्हावें लागलें. ज्या मुलांचे कागद माझ्याजवळ आहेत, तीं तर तशीहि म्हातारीं झालींच आहेत. त्यांपैकीं कोणी दारीं आल्यास त्यास प्रथम बसावयास सांगावें, मग रुमाल सोडावा, आणि त्याचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, इतकीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतों.